मदत हवी आहे: सेकंडहँड स्कोडा ऑक्टाव्हिया व्हीआरएस 230, आधी स्टेज 1 केलेली

पुण्यात 2017 ची व्हीआरएस 230 बघतोय. 2.0 टीएसआय (टर्बो पेट्रोल), 1984 सीसी, 230 पीएस, 350 एनएम, सहा गिअरचा वेट क्लच डीएसजी (तेलात चालणाऱ्या दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स). मालकाने स्वतःहूनच सांगितलं की मध्ये स्टेज 1 रीमॅप (फक्त इंजिनचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवणं) होता, विकायच्या आधी मूळ सॉफ्टवेअर परत टाकलं. माणूस सरळ वाटला, पण किती किलोमीटर ट्यूनवर चालली याचा कागद काही नाही.

आतापर्यंत काय बघितलं: थंड इंजिन स्टार्ट केलं, टायमिंग चेनची खडखड नाही. वॉटर पंप-थर्मोस्टॅटच्या प्लॅस्टिक हाउसिंगखाली टॉर्च मारून पाहिलं, कूलंटचे गुलाबी डाग नाहीत. स्कॅनरवर एकही फॉल्ट कोड नाही (अर्थात कोड क्लिअर करायला दोन मिनिटं लागतात). डीएसजी ऑइल वेळच्या वेळी बदलल्याची बिलं आहेत. कॉम्प्रेशन टेस्ट अजून बाकी आहे, मालक तयार आहे.

गाडी रोज ऑफिसला आणि महिन्यातून एकदा कोल्हापूरला जाईल. पुन्हा ट्यून करणार नाही. वॉरंटी संपलेली आहे. "नवी गाडी घे" हा सल्ला घरून मिळालाय, तो इथे नको!

स्टेज 1 ला टॉर्क 400 एनएमच्या आसपास जातो, म्हणून टर्बोपेक्षा मला डीएसजीच्या क्लच पॅकची (क्लच प्लेट्सच्या संचाची) जास्त काळजी आहे. चेन किती ताणली गेलीय आणि क्लच किती झिजलाय, हे गाडी न उघडता स्कॅनरवरच्या कोणत्या व्हॅल्यूंवरून कळतं, आणि कोणत्या आकड्यापुढे सौदा सोडून द्यावा?