मदत हवी: बेळगाव, खाऱ्या पाण्याची टाकी, निळ्या टँगवर पांढरे ठिपके

टिळकवाडीकर

नमस्कार मंडळी. बेळगावात गोड्या पाण्यातले गोल्डफिश घरोघरी सापडतील, खाऱ्या पाण्याची टाकी ठेवणारे मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. शेजारीपाजारी विचारायला कोणी नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

टाकी 250 लिटरची, खाली सम्प (फिल्टरची टाकी), आत लाइव्ह रॉक (जीवाणू वसलेले दगड), थोडे मशरूम आणि झोअँथिड हे प्रवाळ. मासे पाच: ऑसेलारिस क्लाउनची जोडी, तीन इंचांचा निळा टँग, एक सिक्सलाइन रॅस, एक ब्लेनी. शिवाय क्लीनर कोळंबी, गोगलगायी, हर्मिट खेकडे. क्षारता 35 पीपीटी, तापमान 26, अमोनिया शून्य, नायट्रेट 10 च्या आसपास. पाणी महापालिकेचंच, पण आरओ करून.

गेल्या आठवड्यात सकाळी दिवा लावला तर टँगच्या परांवर आणि अंगावर मिठाचे कण शिंपडल्यासारखे ठिपके. दोन-तीन दिवसांत ते आपोआप गेले. मी म्हटलं, चला, सुटलो. आता पुन्हा आलेत आणि दुप्पट आलेत. टँग दगडावर अंग घासतोय. खातो मात्र हावरटासारखा. बाकीच्यांवर वरून तरी काही दिसत नाही.

कोडं असं आहे की टँग मुंबईहून आल्यावर वेगळ्या टाकीत महिनाभर ठेवूनच आत सोडला होता, आणि त्यानंतर एकही नवा मासा आणलेला नाही. आणलं ते फक्त झोअँथिडचं एक फ्रॅग (प्रवाळाचा तुकडा), बोटाएवढ्या दगडावर चिकटवलेलं. मग हे आलं कुठून?

औषधाचंही ठरत नाहीये. इथल्या एका दुकानदाराने 'रीफ-सेफ' (प्रवाळाला चालणारं) म्हणून बाटली दिली आहे, उघडली की लसणाचा वास येतो. अजून ओतलेली नाही. यावर तांब्याचं औषध चालतं असंही वाचलं. अथणीचा मावसभाऊ द्राक्षबागायतदार. तो म्हणतो, "तांबंच पाहिजे ना? बोर्डो फवारणीसाठी आणलेला मोरचूद (कॉपर सल्फेट) पडलाय घरात, घेऊन जा." आणि टाकी 76 दिवस बिनमाशाची ठेवा असं जे सगळीकडे वाचतोय, ते खरंच गरजेचं आहे का? घरात लहान मुलगी आहे, तिला रिकामी टाकी कशी दाखवू हाही प्रश्नच आहे.

मांडवीकाठ

आधी तीन गोष्टी सांगा. ठिपके मोजता येतात का, की अंगावर बारीक पीठ भुरभुरल्यासारखं आहे? कल्ले किती जोरात हलताहेत? मासे पंपाच्या प्रवाहात तोंड घालून उभे राहतात का?

टिळकवाडीकर

ठिपके मोजता येतात, वीस-पंचवीस असतील. कल्ले नेहमीपेक्षा थोडे जलद, धाप लागल्यासारखं नाही. प्रवाहात कोणी उभं नाही.

वडगावचा_मास्तर

त्या रीफ-सेफ बाटलीतलं लसूण फोडणीला वापरा वो, निदान आमटी तरी चांगली हुईल. आमच्याकडं पण असली एक बाटली पडूलाय, मासे गेले आणि बाटली राहिली.

मांडवीकाठ

मास्तर हसवतात, पण बरोबर बोलतात. लसणाने मासा जरा जास्त खातो, परजीवी मरत नाही.

तुमच्या वर्णनावरून हा इक, म्हणजे क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स या परजीवीचा रोग. व्हेल्वेट हा दुसरा परजीवी रोग असता तर अंगावर सोनेरी-राखाडी भुकटी दिसली असती, ती कल्ल्यांपासून सुरू होते, मासे धापा टाकतात, खाणं सोडतात आणि दोन-तीन दिवसांत टाकीतले मासे मरून जातात. तुमचा टँग आठवडाभर ठिपके घेऊन जेवतोय. क्लाउनच्या अंगावर जाड पांढरट बुळबुळीत थर आला तर मात्र तो तिसराच रोग, ब्रुकलिनेला. तसं दिसलं तर लगेच कळवा, त्याचा उपाय वेगळा.

आता "आपोआप गेले" याबद्दल, कारण इथेच बहुतेकजण फसतात. ठिपका म्हणजे माशाच्या कातडीखाली बसून खाणारा जीव. तीन ते सात दिवस खातो, मग स्वतःच गळून पडतो आणि दगडाला, वाळूला, काचेला चिकटून कवच करून घेतो. तुम्हाला मासा स्वच्छ दिसतो तेव्हा हा जीव खाली कवचात वाढत असतो. एका कवचातून दोनशेच्या वर पोहणारी पिल्लं बाहेर पडू शकतात. त्यांना दिवस-दोन दिवसांत मासा मिळाला नाही तर ती मरतात. म्हणून दुसऱ्या फेरीला ठिपके दुप्पट. तिसऱ्या फेरीची वाट बघू नका.

आणि आलं कुठून, तर त्या फ्रॅगवरूनच, माझी जवळजवळ खात्री आहे. कवच कुठल्याही टणक वस्तूवर बसतं: फ्रॅगचा दगड, गोगलगाईचं शंख, हर्मिटचं घर. प्रवाळाला त्याचं काही होत नाही, तो फक्त वाहून आणतो. आपल्याकडे विलगीकरण म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर मासाच येतो. दुकानात मासे आणि प्रवाळ एकाच पाण्यावर चालत असतील तर प्रत्येक फ्रॅग संशयित धरायचं, आणि तेही 76 दिवस बिनमाशाच्या टाकीत ठेवायचं.

76 दिवसांचा आकडा कुठून आला? बहुतेक कवचं तीन ते अठ्ठावीस दिवसांत फुटतात, पण प्रयोगात 72 दिवसांनीही फुटलेली नोंद आहे. त्यावर चार दिवस जास्तीचे. 45 दिवसांत बऱ्याच जणांचं जमतं, काहींचं नाही. माझ्या मते निम्म्यावर थांबून पुन्हा पहिल्यापासून सुरू करण्यापेक्षा पूर्ण करा. दिवस मोजायचे ते शेवटचा मासा टाकीबाहेर पडल्यापासून. रॅस आणि ब्लेनी स्वच्छ दिसले तरी आत एकही ठेवायचा नाही. पावसाळ्यात बेळगावची हवा गार असते, हीटरने 27 धरा. थंड पाण्यात या जीवाचं चक्र लांबतं.

कोळंबी, खेकडे, गोगलगायी आतच राहू द्या. त्यांना हा रोग होत नाही, औषध मात्र मारतं.

निपाणीकर

मोरचुदाचं मी सांगतो, आमच्याकडे शेती आहे. फवारणीच्या मोरचुदात बाकी काय काय असतं याची हमी नाही. शिवाय माप बघा. मोरचुदात तांबं साधारण 25 टक्के. 60 लिटरच्या टाकीत 0.20 मिलिग्रॅम प्रति लिटर आणायचं तर जेमतेम 47 मिलिग्रॅम मोरचूद लागतो. शहापूरच्या सराफाचा काटा आणावा लागेल! 0.15 च्या खाली गेलं तर परजीवी मरत नाही, 0.25 च्या वर गेलं तर मासा धोक्यात. ही दोरीवरची कसरत रोज टेस्ट किट वापरून करायची. बाटलीतलं चिलेटेड (दुसऱ्या रसायनाशी बांधलेलं) तांबं वेगळं, ते 2 ते 2.5 पीपीएमला चालतं, पण त्याला त्याच प्रकारचं टेस्ट किट हवं.

एक विचारतो, औषधाऐवजी वेंगुर्ल्याहून समुद्राचं पाणी कॅनमधून आणलं तर? आंबोलीवरून रस्ता आहेच.

मांडवीकाठ

आता पावसात नको. नद्यांचं गोडं आणि गढूळ पाणी किनाऱ्याला मिळतं, क्षारता रोज वेगळी येईल. शिवाय समुद्राच्या पाण्यातून आणखी काय येईल कोणास ठाऊक. टाकीचं मीठ वापरा.

तांब्याची चर्चा निघालीच आहे तर माझं मत. इक असेल आणि टेस्ट किट हातात नसेल तर तांबं नको. तांबं फक्त पोहणाऱ्या पिल्लांना मारतं, कातडीखालच्याला आणि कवचातल्याला नाही. म्हणून 30 दिवस पातळी सलग राखावी लागते. मध्येच खाली घसरली की मोजणी पहिल्यापासून. तुमच्यासाठी टाकी-बदल पद्धत बरी. व्हेल्वेटला ती चालत नाही, इकला चालते.

चाळीस-चाळीस लिटरचे दोन प्लास्टिक टब घ्या. प्रत्येकात हीटर, एअरपंप, लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे. वाळू आणि दगड नको. मासे पहिल्या टबात घाला, 72 तास व्हायच्या आत दुसऱ्यात हलवा, पहिला रिकामा करून धुवा, वाळवा, ताजं पाणी भरा. चार वेळा हलवायचं, म्हणजे बारा दिवस. ठिपका माशावरून गळतो, टबाच्या तळाला कवच करतो आणि ते फुटायच्या आत मासा पुढच्या टबात गेलेला असतो. क्षारता आणि तापमान दोन्हीकडे अगदी सारखं ठेवा. माशाबरोबर जुनं पाणी जाऊ देऊ नका, चाळणीतून उचला. टब चार वेळा भरायला मीठ सहा किलोच्या घरात लागेल, आधी मागवून ठेवा. अमोनिया बांधणारं औषध घालू शकता. तांब्याबरोबर ते घालायचं नसतं, इथे तांबं नाहीच.

मग शेवटचे साठ-पासष्ट दिवस मासे कुठे राहणार? त्यासाठी वेगळी टाकी आजच सुरू करा. तिचा स्पंज फिल्टर मुख्य सम्पमधून उचलू नका, त्यावर कवचं असणार. नवा स्पंज, बाटलीतले जीवाणू आणि अमोनियाचे थेंब घालून ती आताच तयार करायला घ्या. बारा दिवसांत तयार होईलच असं नाही. अमोनिया रोज तपासा आणि मिठाचं पाणी बदलायला भरून ठेवा. ही टाकी मुख्य टाकीपासून तीन मीटर तरी लांब, शक्यतो दुसऱ्या खोलीत. बुडबुड्यांच्या तुषारांतूनही परजीवी जाऊ शकतो. जाळी, नळी, बादली सगळं वेगळं.

शहापूरची_मावशी

रॅस पकडायचा तर दिवसा दगड हलवत बसू नका, तो तुम्हाला दमवेल. दिवे गेल्यावर तासाभराने टॉर्च मारा, तो चिकट कोषात झोपलेला सापडतो. पाणी अर्ध्यावर आणलं की टँगही लवकर हाती येतो. हेस्कॉमची वीज जाते तेव्हा टबातले मासे आधी गुदमरतील, बॅटरीवरचा एअरपंप आधी घ्या, बाकी सगळं नंतर. आणि मुलीला टबांची वही द्या, कोण काय खाल्लं ते लिहायला. आमची नात ते काम रोज करायची, मला आठवण करून द्यावी लागत नसे.

टिळकवाडीकर

सगळ्यांचे आभार. टब आणि मीठ आज मागवतो. वहीची कल्पना घरात आताच मंजूर झाली.

एकच शंका. टब आणि पाइप "वाळवा" म्हणताय, पण इथे आषाढात टॉवेलसुद्धा वाळत नाही. तीन दिवसांत पूर्ण कोरडं होणार कसं? आणि बारा दिवसांत पुन्हा ठिपका दिसला तर?

मांडवीकाठ

कवच कोरडं पडलं की मरतं, पण ओलावा राहिला तर नाही, त्यामुळे शंका योग्य आहे. गॅलरीत ठेवू नका. टब गरम पाणी आणि व्हिनेगरने घासून धुवा (साबण नको), फडक्याने पुसा, मग पंख्याखाली उपडा टाका. कोपरे आणि पाइपची आतली बाजू हेअर ड्रायरने करा. एअरस्टोन (बुडबुडे काढणारा सच्छिद्र दगड) कधीच आतून वाळत नाही, तो प्रत्येक वेळी नवा घाला. हीटरची वायर जिथे आत शिरते तिथेही ओल राहते, तिकडे लक्ष द्या. पाइप आणि हीटरचे दोन संच घेतलेत तर एकेका संचाला तीन दिवस पूर्ण मिळतात.

पहिल्या दोन बदलांत ठिपके दिसले तर घाबरू नका, ते आधीच अंगात शिरलेले असतात. चौथ्या बदलानंतर दिसला तर कुठेतरी ओल राहिली किंवा 72 तास ओलांडले. मग मोजणी पुन्हा एकपासून, आणि तोपर्यंत टेस्ट किट मागवून ठेवा.

वडगावचा_मास्तर

हेअर ड्रायर बायकोचा असेल तर आधी विचारून घ्या की.