पुस्तकांचं कपाट काढण्याबद्दल

बिराजदार काका (बी-३०२): सर्वांना नमस्कार. पार्किंगमधलं पुस्तकांचं कपाट "कोणी वाचत नाही" म्हणून काढणार असं कळलं. मला अजिबात मान्य नाही. काल पुण्याहून गाडीनं आलो. अख्ख्या डब्यात एकाच्या हातात पुस्तक नाही. शेजारचा मुलगा दौंडपासून कुर्डुवाडीपर्यंत मोठ्या आवाजात रील्स बघत होता. बोललो तर म्हणे, आजोबा, तुम्ही पण बघा.

जोशी काकू (ए-१०४): अगदी बरोबर 🙏

गड्डम चेअरमन: काका, ठरलेलं नाही. गाड्यांच्या चार्जिंग पॉइंटला जागा हवी म्हणून नुसता विषय निघाला.

बिराजदार काका: तुमचे विषय कसे निघतात ते गणपतीच्या वर्गणीपासून बघतोय.

सी-४०३: आज पाणी किती वाजता?

स्नेहल (ए-३०१): काका, राग मानू नका, पण मशीन हातात दिसलं की रील्सच, असं नसतं. मी प्रवासात किंडलवर, म्हणजे पुस्तकं वाचायच्या यंत्रावर, वाचते. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर सासूबाईंना बारीक छपाई झेपत नव्हती. त्यांना त्यावर अक्षर मोठं करून दिलं, एका ओळीत तीन-चारच शब्द बसतात. खिडकीतून ऊन आलं तरी स्वच्छ दिसतं. त्याचा पडदा मुख्यतः पान बदलतानाच वीज खातो, त्यामुळे चार्जरची कटकट नाही.

बिराजदार काका: स्नेहल, तुझ्यावर राग नाही गं. ते वाचायचंच यंत्र आहे. मोबाईलवर दोन पानं होत नाहीत तोवर वरून मेसेज टपकतो, तिथंच वाचन मोडतं.

सागर (बी-१०४): ते मेसेज आपल्याच ग्रुपचे असतात काका 😄

सी-४०३: आज पाणी किती वाजता?

जोशी काकू: पूर्वी सिद्धेश्वर एक्सप्रेसला बसलं की एक दिवाळी अंक दिवे बंद होईपर्यंत डबाभर फिरायचा. परत हातात यायचा तो शेंगाचटणीचं बोट उमटूनच.

सागर (बी-१०४): कपाटातल्या अंकांमधली शब्दकोडी मात्र पेननं सोडवलेली असतात. कोण सोडवतं ते सगळ्यांना माहितीय.

जोशी काकू: नाव घेऊन बोल.

गड्डम चेअरमन: वैयक्तिक नको 🙏

बिराजदार काका: मुद्दा भरकटवू नका. २०१८ साली वाचन प्रेरणा दिनाला डेक्कन क्वीन आणि पंचवटीत फिरतं वाचनालय सुरू केलं होतं. धावत्या गाडीत पुस्तकांना जागा होते, आपल्या पार्किंगमध्ये होत नाही?

सी-४०३: पाणी???

जोशी काकू: नऊला! दहा वेळा काय विचारताय?

स्नेहल (ए-३०१): कपाट जिन्याखाली घेऊ या का? गावाला जाताना एक पुस्तक न्यायचं, आल्यावर ठेवायचं. मुलांना मोबाईल देण्याआधी हातात काहीतरी असेल.

गड्डम चेअरमन: जिन्याखाली हरकत नाही. किल्ली ऑफिसात ठेवू.

बिराजदार काका: ऑफिसात नको. ते अकराला उघडतं. पहाटेच्या गाडीला जाणाऱ्यानं कुणाला उठवायचं? कुलूपच लावू नका.