मदत हवी आहे: कंपनीचा कागदी एअर फिल्टर की धुता येणारा?

मंडळी, गाडीचा एअर फिल्टर बदलायला आलाय आणि माझं काही ठरत नाहीये. आजवर कंपनीचा कागदीच वापरला. मित्र म्हणतो, तेल लावलेला सुती जाळीचा घे. धुवून पुन्हा वापरता येतो, पिकअपही वाढतो. पिकअपचं काही पटत नाही. इंजिन साधंच आहे, फार तर आवाज वाढेल! धास्ती आहे ती बारीक धूळ त्यातून इंजिनात जाण्याची. शिवाय धुतल्यावर तेल जास्त झालं, तर ते एअरफ्लो सेन्सरच्या (इंजिनात जाणारी हवा मोजणारा) तारेवर बसून रीडिंग चुकू शकतं. मग तेल नेमकं किती लावता? ४०-५० हजार किलोमीटर असा फिल्टर वापरलेल्या कुणी त्याच्या पुढच्या, इंजिनाकडे जाणाऱ्या पाइपात बोट फिरवून पाहिलंय का? धूळ लागली बोटाला?