मदत हवी आहे: अठराव्या दिवशी सगळी जिवंत होती, तरी पिल्लं कवचातच मेली

नमस्कार. नवी अंडी गोळा करायला लागून आज पाच दिवस झाले. आठवडा उलटायच्या आत ती ठेवायला हवीत, म्हणून जरा घाईने विचारतेय. मागच्या खेपेला काय चुकलं हे कळल्याशिवाय अंडी उबवायचं यंत्र सुरू करायचा धीर होत नाही.

यंत्र घरीच केलंय. थर्माकोलचा खोका, 25 वॅटचे दोन बल्ब, कॉम्प्युटरमधला छोटा पंखा आणि थर्मोस्टॅट. तापमान 37.5 अंशांवर लावलेलं. आर्द्रता 60 ते 65 टक्के दिसायची. 55 वर उतरली की मी लगेच वाटीत पाणी ओतायचे, कारण अंडी कोरडी पडता कामा नयेत एवढंच डोक्यात बसलेलं.

कोंबडीची 12 अंडी आधी ठेवली आणि जपानी लाव्यांची 20 चार दिवसांनी. कोंबडीचे 21 दिवस, लाव्यांचे साधारण 17, म्हणजे सगळी बरोबरच फुटतील असा हिशेब. एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोल काढून दिवसातून तीनदा हाताने फिरवली.

सातव्या रात्री टॉर्चवर धरून पाहिली तर कोंबडीची 3 वांझ निघाली. बाकी 9 मध्ये लाल शिरांचं जाळं आणि मधोमध हलणारा ठिपका. लाव्यांच्या कवचावर इतके डाग, की आतलं काही नीट कळेना. अठराव्या दिवशी नऊच्या नऊ अंड्यांत हालचाल होती. फिरवणं बंद केलं, पाण्याची आणखी एक वाटी ठेवली.

एकविसावा दिवस तसाच गेला. बाविसाव्या रात्री लावे निघायला लागले, तेविसाव्या सकाळी कोंबडीची 2 पिल्लं आली. लाव्यांची एकूण 6. तेवढीच.

लाव्यांच्या आणखी 4 अंड्यांना भोक पडलं होतं. त्यातल्या एकाची चोच मला दिसत होती, टोकावरचा पांढरा दाणासुद्धा. आतून बारीक चिवचिव चालली होती. मी सारखी झाकण उघडून बघत होते, पाणी शिंपडत होते. पहाटे आवाज थांबला. चोचीभोवतीचा पापुद्रा पांढरा, कागदासारखा कडक होऊन पिल्लाला चिकटला होता. चौघांचंही तेच झालं.

पंचविसाव्या दिवशी कोंबडीची उरलेली 7 फोडून पाहिली. पूर्ण वाढलेली, पिसं आलेली पिल्लं, पण ओलीचिंब. कवचात दाटसर पाणी. बोथट टोकाकडची हवेची पोकळी अगदी लहान, आणि एकाचीही चोच तिथपर्यंत पोचलेली नाही. दोघांच्या बलकाची पिशवी अजून निम्मी बाहेरच होती.

आता मला कळत नाही की ओल जास्त झाली की कमी पडली. कोंबडीची पिल्लं बुडाल्यासारखी गेली आणि लावे वाळून. आणि त्या लाव्याला मी कवच सोलून बाहेर काढायला हवं होतं का? हे डोक्यातून जात नाही.

प्रतिसाद १

ताई, दोन्ही झालंय, फक्त वेगवेगळ्या वेळी. पहिले अठरा दिवस ओल जास्त झाली आणि नेमकी फुटायच्या रात्री कमी पडली.

अंड्यातलं थोडं पाणी कवचाच्या छिद्रांतून उडून जायलाच हवं. अठराव्या दिवसापर्यंत वजन साधारण 11 ते 12 टक्के घटलं पाहिजे. जेवढं पाणी जातं तेवढी हवेची पोकळी वाढते, आणि पिल्लू पहिला श्वास त्या पोकळीत घेतं, मग कवच फोडतं. तुमच्याकडे पाणी उडालंच नाही. पोकळी लहान राहिली, पिल्लाला आत वळायला जागा उरली नाही. कोंबडीच्या अंड्यांना पहिले अठरा दिवस 45 ते 50 टक्के पुरतात. शेवटच्या तीन दिवसांत 65 ते 70 वर न्यायचं.

लाव्यांचं झालं ते झाकणामुळे. झाकण उघडलं की दमट हवा एका क्षणात निघून जाते, आणि भोक पडलेल्या अंड्यातला पापुद्रा लगेच वाळतो. पाणी शिंपडून ते भरून येत नाही. बाहेरून नळी घालून पाणी सोडता येईल अशी सोय करा. भांडं खोल नको, पसरट हवं. ओल पाण्याच्या पृष्ठभागावर ठरते, खोलीवर नाही.

तिसरी गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण मला तीच जास्त खटकते. दोन्ही जातींना उशीर झाला आणि बलकही आत ओढला गेला नव्हता. म्हणजे आत 37.5 नसावं, त्याहून कमी असावं. थर्मोस्टॅटचा सेन्सर कुठे लावलाय? बल्बजवळ असेल तर तो आधीच तापतो, बल्ब बंद होतो आणि अंडी गार राहतात. सेन्सर अंड्यांच्या उंचीवर, बल्बपासून लांब हवा. (हे पंखा असलेल्या खोक्याचं. पंखा नसेल तर वर-खाली तापमान वेगळं असतं. तिथे अंड्यांच्या वरच्या पातळीला 38.5 च्या आसपास धरतात.)

मापकं तपासल्याशिवाय अंडी ठेवू नका. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन ओलं करा, पातळ नाही, नुसतं चिखलासारखं. ते आणि आर्द्रतामापक एका बंद डब्यात सात-आठ तास ठेवा. आकडा 75 यायला हवा. तापाचा थर्मामीटर आणि तुमचा, दोन्ही कोमट पाण्यात एकत्र धरून ताडून बघा; 37.5 म्हणजे फॅरनहाइटमध्ये 99.5.

प्रतिसाद २

वरचं सगळं बरोबर. सोलण्याबद्दल माझा अनुभव सांगतो.

भोक पाडल्यावर पिल्लू 12 ते 24 तास नुसतं पडून असतं. थकलेलं वाटतं, पण त्या वेळात पापुद्र्यातल्या शिरांतलं रक्त आणि बलक आत घेण्याचं काम चालू असतं. घाईने सोललं की शिरा फुटतात. मी असं एक पिल्लू घालवलंय, त्या रक्ताचा ठिपका अजून डोळ्यांसमोर आहे. तुम्ही हात लावला नाहीत ते योग्यच केलंत, मनाला लावून घेऊ नका.

निघालेली पिल्लंही लगेच काढायची गरज नाही. पोटातल्या बलकावर ती दोन दिवस सहज काढतात. सगळी सुकून फुलली की एकदमच झाकण उघडा. आणि लाव्यांच्या पाण्याच्या ताटलीत गोट्या किंवा खडे नक्की घाला, इतकी लहान पिल्लं बोटभर पाण्यातही बुडतात.

अंड्यांचा अख्खा ट्रे स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलत जा. एकेक अंडं तोलण्यापेक्षा ते सोपं आणि जास्त भरवशाचं.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. काल रात्री सगळं तपासलं.

मिठाच्या डब्यात माझा आर्द्रतामापक 67 वर थांबला. म्हणजे तो 8 ने कमी दाखवतो, आणि मी ज्याला 60-65 समजत होते ते 68 ते 73 होतं. तरी वर पाणी ओतत होते. कोमट पाण्यात तापाच्या थर्मामीटरवर 99.5 आले तेव्हा माझ्या थर्मामीटरवर 38.1 होते, म्हणजे तो 0.6 ने जास्त दाखवतो. सेन्सर बल्बपासून जेमतेम चार बोटांवर निघाला. आता तो ट्रेच्या मधोमध, अंड्यांच्या उंचीवर बांधलाय आणि खोका रिकामाच चालवून बघतेय. रात्रभर तापमान हललं नाही तर उद्या सकाळी अंडी ठेवेन. लाव्यांची आजपासून गोळा करतेय, ती चार दिवसांनी.

कोंबडीच्या 12 अंड्यांचं वजन आज 651 ग्रॅम भरलं. अठरा दिवसांत 11 ते 12 टक्के घट धरून, सातव्या दिवशी काटा 621 ते 623 च्या आसपास असेल तर पाणी आहे तेवढंच ठेवते. त्याहून जड भरली तर वाटी काढून घेते. हा हिशेब बरोबर आहे ना, तेवढं उद्या सकाळच्या आत कोणी सांगाल का?