घराच्या अंगणात तारे टिपताना उपकरणं कशी सांभाळता? अनुभव लिहा

फोटो कसे आले यावर आपण भरभरून बोलतो. इथे उपकरणांच्या काळजीबद्दल लिहूया. नुकसान प्रत्यक्ष एक्स्पोजर चालू असताना क्वचितच होतं. ते होतं जोडणी करताना, झोप अनावर झाल्यावर आवरताना, किंवा दुर्बीण आपली आपण वळत असताना. सुरुवात मी करते.

इक्वेटोरियल माउंटवर (ताऱ्यांच्या चालीबरोबर दुर्बीण फिरवणाऱ्या बैठकीवर) आधी काउंटरवेट (तोल साधणारं वजन), मग दुर्बीण. उतरवताना बरोबर उलट, आणि तेही वजनाचा दांडा जमिनीकडे असताना. वजन आधी काढलं आणि क्लच (अक्ष जागीच धरून ठेवणारी कळ) सैल असला, तर नळी गर्रकन खाली येऊन ट्रायपॉडवर आदळते. दांड्याच्या टोकाचा स्क्रू वजन चढवल्याबरोबर परत बसवा. घसरलेलं वजन तोच अडवतो. डव्हटेलचे (नळीखालची पट्टी माउंटच्या खाचेत धरणारे) स्क्रू आवळल्यावरही मी नळी लगेच सोडत नाही. एका हाताने धरून दुसऱ्याने हलकेच हलवते. पट्टी खाचेत तिरकी बसली असेल तर किंचित खुळखुळते, तेवढं हाताला कळतं.

* * *

माझा सगळा भर केबलींवर. जर्मन इक्वेटोरियल माउंटवर तारा मेरिडियन (आकाशातली डोक्यावरून जाणारी उत्तर-दक्षिण रेषा) ओलांडून पश्चिमेला गेला की दुर्बीण पलटवावी लागते. पलटली नाही, तर मागचा कॅमेरा हळूहळू ट्रायपॉडच्या पायाकडे सरकत जातो आणि टेकल्यावरही मोटर रेटत राहते. म्हणून माउंटने कुठवर फिरायचं याची मर्यादा सेट केलेली असतेच. शिवाय उजेड असतानाच क्लच सैल करून दोन्ही अक्ष हाताने फिरवून बघतो. केबल कुठल्या नॉबला अडकते, कुठे ताणली जाते, ते तेव्हाच दिसतं. कॅमेऱ्याच्या यूएसबी सॉकेटजवळ थोडी ढील ठेवून केबल वेल्क्रोने नळीला बांधतो, म्हणजे ओढ बसली तरी ती वेल्क्रोवर बसते.

* * *

दव! श्मिट-कॅसेग्रेन (पुढे काच आणि आत आरसे असलेल्या) दुर्बिणीची पुढची काच उघड्या आकाशाकडे उष्णता सोडत हवेपेक्षा थंड होते, म्हणून तिच्यावर दव लवकर धरतं. ड्यू शील्ड (नळीच्या तोंडापुढे लावायचं दवरोधक आवरण) आणि हीटरची पट्टी पहिल्यापासूनच लावा. दव धरलंच तर काच पुसू नका, धुळीचे कण घासून चरे पडतात. गार कॅमेरा घरात नेताना बाहेरच हवाबंद पिशवीत घालावा आणि खोलीइतका उबदार झाल्यावरच पिशवी उघडावी.

* * *

ट्रायपॉडच्या पायांना अंधारात चमकणारी टेप. घरात लहान मुलं असतील तर हे आजच करा.

* * *

रात्रभर दुर्बीण चालू ठेवून झोपणाऱ्यांना कळकळीची विनंती: पहाटेआधी माउंट आपोआप पार्क होईल (ठरलेल्या स्थितीत जाऊन थांबेल) असं लावा, पण उठल्यावर झाकणंही लावाच. फाइंडरचंसुद्धा (नेम धरायच्या छोट्या दुर्बिणीचं). सूर्य समोर आला तर तेवढ्याशा भिंगानेही आतली क्रॉसहेअर (नेमाची बारीक फुली) जळू शकते.

न्यूटोनियनवाल्यांना (नळीच्या तळाशी आरसा असलेली दुर्बीण वापरणाऱ्यांना) एक विचारायचंय. फोकसरवर (फोकस जुळवायच्या भागावर) काम करताना नळी आडवी करता ना? मी करते, म्हणजे सुटलेला स्क्रू थेट आरशावर पडत नाही. याहून सोपा उपाय कुणाकडे असेल तर जरूर लिहा.