रेडिएशननंतर मेंदूच्या एमआरआयमध्ये नवा डाग: पुढं कोणती तपासणी, आणि बेळगावात की बाहेर?

खानापूरची धाकटी:
नमस्कार. माझ्या अक्काला मेंदूत ग्रेड २ चा ग्लायोमा (मेंदूतल्या आधार देणाऱ्या पेशींची गाठ) होता. ऑपरेशन झालं, मग ३० वेळांत मिळून ५४ ग्रे (डोसचं माप) रेडिएशन. ते संपून आठ महिने झाले. परवाच्या एमआरआयमध्ये ऑपरेशनच्या जागेशेजारी कॉन्ट्रास्ट (शिरेतून दिलेलं औषध) घेणारा नवा डाग आणि भोवती सूज दिसली. रिपोर्टात लिहिलंय की गाठ परत आली असेल किंवा रेडिएशननं चांगल्या भागाला झालेली इजा असेल. डॉक्टर म्हणतात पर्फ्यूजन (त्या जागी रक्त किती आहे ते बघणारा एमआरआय) आणि स्पेक्ट्रोस्कोपी (तिथली रसायनं मोजणारा एमआरआय) करा. एका नातेवाइकांनी थेट पेट स्कॅन सांगितलाय. अक्काचं चालणं-बोलणं नीट आहे, पण माणसांची नावं विसरते, बाजारचा हिशेब चुकतो. भाताची सुगी तोंडावर आली आहे, दाजी एकटेच आहेत. म्हणून पैसे आणि फेऱ्या योग्य जागी लागाव्यात एवढंच वाटतं. कुणाला अनुभव असेल तर सांगा.

निपाणीची काकू:
बाळ, आधी जरा श्वास घे. आमच्या ह्यांनाही असाच डाग दिसला होता, आणि घरात सगळ्यांनी गाठच परत आली असं धरलं होतं. पर्फ्यूजनमध्ये त्या जागी रक्त कमी दिसलं. डॉक्टरांनी डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड दिलं, पुढच्या स्कॅनमध्ये डाग लहान झाला. त्या गोळ्यांनी साखर मात्र वाढते, अक्काला डायबिटीस असेल तर आधीच सांग. आणि जुन्या सगळ्या सीडी सोबत ठेव. नुसता कागदी रिपोर्ट बघून कुणी नीट सांगू शकत नाही.

स्कॅनरूमवाला:
मी एमआरआय विभागात काम करतो. निदान डॉक्टरांचं, पण तपासण्यांत काय दिसतं ते सांगतो. कॉन्ट्रास्ट रक्तातून मेंदूत झिरपतो तो रक्तवाहिन्यांची भिंत फुटलेली असते तिथं. गाठही ती भिंत फोडते, रेडिएशनही फोडते. म्हणून साध्या एमआरआयवर दोन्ही सारखेच पांढरे दिसतात.

गाठ वाढताना स्वतःसाठी नव्या रक्तवाहिन्या तयार करते, त्यामुळं पर्फ्यूजनमध्ये त्या जागी रक्ताचं प्रमाण सहसा वाढलेलं दिसतं. रेडिएशनच्या इजेत बारीक वाहिन्या बंद पडतात, प्रमाण घटतं. स्पेक्ट्रोस्कोपीत गाठ असेल तर कोलीन (पेशींच्या आवरणातलं द्रव्य) वर जातं आणि एनएए (निरोगी चेतापेशींतलं द्रव्य) खाली. पेशी मेल्या असतील तर सगळंच खाली येतं आणि आलेखात लिपिड-लॅक्टेटचा (चरबी आणि आम्लाचा) उंचवटा दिसतो. पण डाग फार लहान असेल, कवटीच्या हाडाजवळ असेल किंवा तिथं जुनं रक्त साकळलेलं असेल तर स्पेक्ट्रोस्कोपी बिघडते. कधी एकाच डागात दोन्ही मिसळलेलं असतं. एका आकड्यावर निकाल काढू नका, सगळं एकत्र वाचायचं असतं.

पेटबद्दल: साध्या पेटमध्ये एफडीजी नावाची खुणेची साखर (ट्रेसर) टोचतात, पण निरोगी मेंदूही भरपूर साखर खातो, मागची सगळी जागा उजळलेली असते, त्यात लहान डाग हरवतो. अमिनो आम्लाचा ट्रेसर वापरणारा पेट यासाठी बरा, पण तो मोजक्याच ठिकाणी होतो. आधी पर्फ्यूजन करा. त्यातून उत्तर निघालं नाही तरच पेटचं बघा.

कुणी डीटीआय (एमआरआयचाच एक प्रकार) सुचवलं तर थांबा. पांढऱ्या भागातल्या तंतूंची इजा ते साध्या एमआरआयपेक्षा लवकर दाखवतं हे खरं. पण त्याचा उपयोग जास्त करून संशोधनात होतो, अक्काचे उपचार त्यानं सहसा बदलणार नाहीत. वेगळे पैसे घालू नका.

रेडिएशन विभागातली:
वरच्या दादांनी नीट सांगितलंय. मी एक गोष्ट आग्रहानं सांगते, कारण ती हमखास राहून जाते. जिथं रेडिएशन झालं तिथून डोसचा प्लॅन डायकॉम फाईलमध्ये (स्कॅनच्या कॉम्प्युटरवर उघडते ती फाईल) मागून घ्या, नुसता समरीचा कागद नको. तो नकाशा नव्या एमआरआयवर ठेवला की डाग जास्त डोसच्या भागात आहे की बाहेर, हे दिसतं. बाहेर असेल तर रेडिएशनची शक्यता बरीच कमी होते. आत असेल तर दोन्ही शक्यता उरतात, पण मग पर्फ्यूजनच्या निकालाला वजन येतं. उशिरा होणारी इजा साधारण सहा महिन्यांनंतर दिसू लागते, काहींना काही वर्षांनीही. म्हणजे अक्काची वेळ त्यात बसते.

विसरभोळेपणाकडं वेगळं बघा. त्याच प्लॅनमध्ये हिप्पोकॅम्पसला किती डोस गेला तेही कळतं. आठवणी तयार होतात तो हा भाग. संपूर्ण मेंदूला रेडिएशन देताना तो वाचवला तर स्मरणशक्ती जास्त टिकते, हे २०२० साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत दिसलं. पण सगळा दोष रेडिएशनवर टाकण्याआधी थायरॉइड आणि पिट्युटरीची (मेंदूखालची हार्मोनची ग्रंथी) रक्ततपासणी करा, फिटच्या गोळ्या कोणत्या चालू आहेत तेही डॉक्टरांना दाखवा. यातलं काही सापडलं तर त्यावर उपाय आहे. स्मरणाची लेखी चाचणी अक्काला येते त्या भाषेत घ्यायला सांगा. मराठी शाळेत शिकलेल्या बाईची चाचणी इंग्रजीत घेतली तर ती उगाच नापास होते.

खानापूरची धाकटी:
काकू, दादा, ताई, खूप आभार. प्लॅनची फाईल उद्याच मागते. मग बेळगावातच करू ना? की बेंगळुरूला निम्हान्सला (मेंदूच्या आजारांचं सरकारी रुग्णालय) जाऊ?

स्कॅनरूमवाला:
बेळगावातच करा, आणि आधीचा एमआरआय झाला त्याच मशीनवर, म्हणजे तुलना नीट होईल. जाण्याआधी फोनवर दोन गोष्टी विचारा: पर्फ्यूजन कॉन्ट्रास्ट देऊन करतात का, आणि रिपोर्ट न्यूरोरेडिओलॉजिस्ट (मेंदूचे स्कॅन वाचणारा तज्ज्ञ) वाचतो का. निकाल गोंधळाचा आला तर निम्हान्स किंवा मुंबईचं टाटा कॅन्सर रुग्णालय. तेव्हाही आधी सीडी घेऊन दाजी किंवा तुम्ही जाऊन या, बेंगळुरूला रात्रीची राणी चन्नम्मा गाडी आहेच. अक्काला लगेच फरफटवू नका.

क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) ताजा रिपोर्ट न्या, बऱ्याच ठिकाणी त्याशिवाय कॉन्ट्रास्ट देत नाहीत. आणि स्टिरॉइड सुरू झालं असेल तर तारीख आणि डोस फॉर्मवर लिहा. त्या गोळ्यांनी डाग फिका पडतो, आणि वाचणाऱ्याला ते माहीत नसलं तर तो फसतो.