मदत हवी आहे: बाबांच्या प्रोस्टेटसाठी लगेच ऑपरेशन करायला हवं का?

बाबा ६८ वर्षांचे, मधुमेह आहे. रात्री चार-पाचदा लघवीला उठायचे, धार बारीक झालेली, जाऊन आल्यावरही पूर्ण झाल्यासारखं वाटायचं नाही. एसटीचा प्रवास त्यांनी बंदच केला होता. संकोचामुळे बोलले नाहीत, आईकडून कळलं.

आमच्या फॅमिली डॉक्टरांनी लघवी आणि रक्त तपासलं, सोनोग्राफी करून घेतली. प्रोस्टेट ४२ ग्रॅम, लघवी करून आल्यावर मूत्राशयात ६० मिली शिल्लक. पीएसए (प्रोस्टेटसाठीची रक्ततपासणी) २.१, क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी तपासणी) ठीक, जंतुसंसर्ग नाही. लघवी मोकळी होण्यासाठी टॅमसुलोसिन ०.४ मिग्रॅ ही गोळी रात्री सुरू केली. आता दोनदाच उठतात. पण सकाळी उठताना कधीकधी चक्कर येते. त्यात काका म्हणतात, "पुण्याला नेऊन ऑपरेशन उरकून टाका, नाहीतर कॅन्सर होईल." बाबा फार घाबरलेत. यूरॉलॉजिस्टकडे (लघवीच्या आजारांच्या तज्ज्ञांकडे) नेमकं कधी जावं? कृपया जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद:
मी जनरल प्रॅक्टिस करते. आधी बाबांना एवढं सांगा: वयानुसार वाढलेल्या प्रोस्टेटचा पुढे कॅन्सर होत नाही, ते दोन वेगळे आजार आहेत. गुदद्वारातून बोटाने तपासणी झाली नसेल तर करून घ्या. तीत काही वावगं नसेल तर गोळीने फरक पडत असताना ऑपरेशनची घाई नाही, तुमचे डॉक्टर हे सांभाळू शकतात.

चक्कर गोळीमुळे येऊ शकते. झोपून आणि उभं राहून बीपी मोजून घ्या. उठताना थोडा वेळ पलंगाच्या कडेला बसू द्या. मधुमेहासाठी डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन चालू आहे का? त्यांनी लघवीचं प्रमाण वाढतं. सर्दीची गोळी मेडिकलमधून परस्पर आणू नका, तिच्याने लघवी अडकू शकते. रात्री अडकून आलेले पेशंट मी पाहिलेत, फार तळमळतात. तसं झालं किंवा लघवीच्या त्रासात थंडीताप आला, तर सकाळची वाट न बघता हॉस्पिटल गाठा.

लघवीतून रक्त एकदाच गेलं, दुखलं नाही, तरी यूरॉलॉजिस्टला दाखवायचंच. वारंवार जंतुसंसर्ग, मुतखडा, वाढतं क्रिएटिनिन किंवा पीएसए, तपासणीत प्रोस्टेट कडक लागणं, यासाठीही. आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं तर ही गोळी चालू असल्याचं डोळ्यांच्या डॉक्टरांना आधी सांगा. तिच्यामुळे ऑपरेशनच्या वेळी बाहुली नीट मोठी होत नाही.

प्रश्नकर्ती:
मनापासून आभार. डॅपाग्लिफ्लोझिन चालू आहे, डॉक्टरांशी बोलते. मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात ठरलंय, गोळीचं तिथे कुणी विचारलंच नव्हतं. आजच फोन करते. टॅमसुलोसिन तोवर बंद ठेवायची का?

प्रतिसाद:
आपल्या मनाने बंद करू नका. बंद केली तरी तो परिणाम जातोच असं नाही. सर्जनला आधी माहीत असलं की ते त्या तयारीनेच ऑपरेशन करतात.